लेन्कोचा आर्म आणि उद्यमबागची लेथ

ख्यालाच्या एलपी ऐकणाऱ्यांची एक वेगळीच गोची असते. विलंबित बाहेरच्या कडेला, निवांत, आणि द्रुत, ताना, सगळा धुरळा नेमका लेबलजवळ, जिथे रेकॉर्ड सगळ्यात वाईट वाजते. फिरायचा स्पीड तोच, ३३ १/३, पण बाहेर सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटीमीटर खाच सरकते आणि आत आलं की जेमतेम २१, म्हणजे तेवढंच गाणं निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं. तिथे सुई धरणारा आर्म जरा डळमळला की ‘स’ फाटतो. आणि इथल्याच सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांची तान बेळगावात बसून अशी फाटकी ऐकायची म्हणजे काय?

माझा रेकॉर्ड प्लेअर लेन्को एल-७५. स्विस माल, मोटर आणि प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची फिरती तबकडी) अजून दणदणीत, दुखणं सगळं आर्मचं. त्याच्या बेअरिंगच्या सुरीसारख्या धारा दोन छोट्या रबरी व्ही-ब्लॉकवर, म्हणजे व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर, टेकलेल्या असतात, ते रबर वयानं कडक होतं, चिरतं, मग आर्म हलतो. मागच्या दांडीतलं रबरही तसंच, सुईकडच्या बाजूचा तोल धरणारं काउंटरवेट खाली लोंबतं. जो तो सांगतो नवीन कार्ट्रिज (सुई बसवलेली डबी) घे, अरे पण धरणारा हातच हलतोय तर भारीतली सुई लावून करू काय?

व्ही-ब्लॉक बाहेरून मागवता येतात, पण घराजवळ उद्यमबागसारखी कारखान्यांची वसाहत असताना नखाएवढ्या तुकड्याला युरो मोजायचं मन होईना. लेथवाल्या मामांनी जुना ब्लॉक उलटापालटा करून विचारलं, “हे कुठल्या पंपाचं हो?” रेकॉर्ड प्लेअरचं म्हटल्यावर, “अजून वाजतंय व्हय ते?” आणि शेजारच्याला कन्नडमध्ये काहीतरी सांगून दोघं खो-खो हसले. पण डेलरिन या टणक प्लॅस्टिकच्या रॉडमधून काम एकदम चोख करून दिलं.

तिथेच पितळेचं नवीन काउंटरवेटही करून घेतलं, मूळ वजनापेक्षा जड. का, तर जड वजन पिव्हटच्या, म्हणजे आर्म ज्यावर हलतो त्या टेकूच्या, जवळ ठेवता येतं. तोल हा वजन गुणिले पिव्हटपासूनचं अंतर, पण इनर्शिया (हलायला होणारा विरोध) वजन गुणिले अंतराचा वर्ग. १०० ग्रॅम ४ सेंटीमीटरवर ठेवा नाहीतर १६० ग्रॅम अडीचवर, तोल तोच, ४००. इनर्शिया मात्र १६०० वरून १०००. वाकड्या रेकॉर्डवर आर्म चटकन खालीवर होतो, सुई दाबली जात नाही.

एक हिशोब मात्र करा, आर्म आणि सुई मिळून आपोआप किती हर्ट्झला थरथरतात याचा. १५९ ला (एकूण मास गुणिले कॉम्प्लायन्स) च्या वर्गमुळानं भागायचं, मास म्हणजे आर्मचा इफेक्टिव्ह मास अधिक कार्ट्रिजचं वजन, कॉम्प्लायन्स म्हणजे सुईची लवचिकता, उत्तर ८ ते १२ हर्ट्झमध्ये यायला हवं. मास २० ग्रॅम आणि कॉम्प्लायन्स १२.५ धरलं तर १० येतं, छान. २५ ग्रॅम आणि २० धरलं तर ७, मग नुसतं खोलीत चाललं तरी स्पीकरचा वूफर हलतो. जपानी कंपन्या कॉम्प्लायन्स १०० हर्ट्झला मोजून देतात, तो आकडा दीडपट-दुप्पट करून घ्यायचा, नाहीतर सगळं गणित बोंबलतं.

आर्मच्या नळीला टेफ्लॉन टेप गुंडाळायचं फॅडही आहे, नळाला लावतात तीच. नळीचा खणखणाट थोडा मरतो, पण गुंडाळायचीच तर पिव्हटकडे, हेडशेलकडे, म्हणजे कार्ट्रिज बसतं त्या टोकाला, वजन वाढवून उपयोग नाही. आतली वायर बदलून आवाज ‘उघडतो’ म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, जुनी तुटकी असेल तर बदला, एवढंच. व्ही-ब्लॉक बदलल्यावरचा फरक मात्र आमच्या हिलापण कळला, आणि तिला या सगळ्याचा वैताग आहे.