अकाचेर वेचायला गेलेल्या बायका

त्या मंगळवारी माझ्या यादीत चौदा बायका होत्या. कुणाची साखर तपासायची, कुणाच्या पायाची पट्टी बदलायची, कुणाचं किडनीसाठी रक्त काढून अ‍ॅलिस स्प्रिंग्जला पाठवायचं. दवाखाना उघडला तेव्हा दोघीच आल्या. बाकीच्या कुठे गेल्या, असं विचारल्यावर आमच्याकडे काम करणाऱ्या मुलीने ओठ पुढे काढून उत्तरेकडची दिशा दाखवली. इथे दिशा पुष्कळदा ओठांनीही दाखवतात. मग एवढंच म्हणाली, "अकाचेर."

मी बारा फायलींवर "आली नाही" असं लिहिलं आणि मनातून चिडले. ही २०१६ची गोष्ट. मी तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या मध्यावर, टी ट्रीजवळच्या एका छोट्या वस्तीत नर्स म्हणून नवीनच आले होते. स्टुअर्ट हायवेवरून अ‍ॅलिस स्प्रिंग्ज दोनशे किलोमीटरच्या आसपास. इथली आदिवासी माणसं अनमातियर भाषा बोलतात.

शनिवारी त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी बाई दारात येऊन म्हणाली, "चल, गाडीत बस." त्यांनी एव्हाना मला नात्यात बसवलं होतं. तिच्या हिशेबाने मी तिची लेक, त्यामुळे जाते की नाही हा प्रश्नच नव्हता.

अकाचेर म्हणजे वाळवंटातलं रानटोमॅटो. वांग्या-टोमॅटोच्याच कुळातलं, गुडघ्याखालीच राहणारं करड्या पानांचं झुडूप. फुलं थेट वांग्यासारखी जांभळी. हिरवं फळ विषारी. ते पिकून पिवळं होतं, झुडपावरच वाळतं आणि मनुकेसारखं तपकिरी, सुरकुतलेलं झालं की खायचं. वर्षभरापूर्वी जाळलेल्या एका पट्ट्यात ती झुडपं दाटीने उगवली होती. रस्त्याच्या कडेला रस्ता सपाट करणाऱ्या यंत्राने माती खरवडली होती, तिथेही होती. याची मुळं जमिनीखाली लांबवर पसरतात. वरचं जळलं, खरवडलं, तरी पाऊस पडला की खालून नवे कोंब येतात.

आजीने फळं ओंजळीत घेतली, त्यात मूठभर लाल वाळू टाकली आणि दोन्ही तळव्यांत चोळली. देठ सुटले, केसाळ टोपी सुटली. मग ते सगळं लाकडी परातीत ओतून तिने परात अशी हलवली की वाळू एका बाजूला, कचरा दुसऱ्या बाजूला आणि फळं आपल्या बाजूला. माझे हात आपोआप पुढे गेले. हे पाखडणंच होतं! माझी आई सुपाने करायची तेच, फक्त सुपाऐवजी परात आणि फटक्याऐवजी हेलकावा.

मी माणदेशातली. सुगी उरकली की आई लोकांच्या रानात सरवा वेचायला जायची, ज्वारीची राहिलेली कणसं, भुईमुगाच्या सुटलेल्या शेंगा. त्या सरव्यावर आमच्या घरात दोन-अडीच महिने निघायचे. जनगणनेवाले आले की मात्र आईच्या नावापुढे "घरकाम" असंच लागायचं. त्या दिवशी परातीकडे बघताना मला बारा फायलींवरचं "आली नाही" आठवलं आणि लाज वाटली. जनगणनेवाल्यांचंच काम मी इथे केलं होतं.

पुढे अ‍ॅलिस स्प्रिंग्जमधल्या एका मैत्रिणीने मला काही अहवाल वाचायला दिले. २००३ ते २०१० या काळात तिथे डेझर्ट नॉलेज सीआरसी नावाचं संशोधन केंद्र होतं, आणि त्याचा वारसा पुढे निन्टी वन या संस्थेकडे आला. निन्टी म्हणजे पिचंचाचारा या इथल्या आदिवासी भाषेत जाणकार. केंद्राचं एक मोठं काम रानमेव्यावर होतं. कोण वेचतं, कधी वेचतं, माल कुणाच्या हातून कुठे जातो, पैसा कुठे अडतो. फियोना वॉल्श आणि जोसी डग्लस या दोघींच्या २०११च्या लेखाच्या मथळ्यातच त्यांचं म्हणणं आलं आहे: माणसांशिवाय रानमेवा नाही. झुडूप नुसतं उगवत नाही. कुणीतरी वेळेवर रान जाळतं, कुणीतरी पोरींना हिरवं आणि पिकलं यातला फरक शिकवतं, कुणीतरी त्या जागेचं गाणं म्हणतं, तेव्हा तो माल व्यापाऱ्याच्या पोत्यात पडतो. बायकांना पैसा हवाच असतो. पण आपल्या भूमीवर जाणं, नातवंडांना सोबत नेणं, आधी घरात खाणं हेही त्याच कामात येतं. नुसतं किलोमागे किती मिळाले एवढंच मोजलं तर निम्मं काम मोजायचंच राहतं.

सगळ्यात जास्त मला पटलं ते पावसाबद्दलचं. अ‍ॅलिस स्प्रिंग्जला वर्षाला सरासरी २८० मिलिमीटर पाऊस पडतो, पण ही सरासरी फसवी. आमच्याकडे पाऊस कमी असला तरी मृग, हस्त असा काही धरबंध असतो. इथे नक्षत्रं नाहीत. एखाद्या वर्षी जानेवारीत नद्या वाहतात, मग दोन वर्षं नावापुरता पाऊस. त्यामुळे कमाईही तशीच येते, एकदम भरभरून आणि मग काहीच नाही. सोमवार ते शुक्रवार, नऊ ते पाचची नोकरी म्हणजेच उपजीविका, असं धरून शहरात आखलेल्या योजना इथे का टिकत नाहीत, ते मला तेव्हा कळलं. २००७ साली सरकारने नॉर्दर्न टेरिटरी या आमच्या प्रांतातल्या आदिवासी वस्त्यांवर आणीबाणीचे उपाय लादले आणि लोकांच्या भत्त्यातली निम्मी रक्कम कशावर खर्च करायची ते वरून ठरवलं. त्याची कडवट आठवण बायका अजून काढतात.

अजून एक गोष्ट. जखमेवर हळद लावण्यावरचं पेटंट आपल्याला आठवत असेल. अमेरिकेने १९९५ साली दिलं, माशेलकरांच्या सीएसआयआरने लढून १९९७ साली रद्द करून घेतलं. तिथे आपल्या हाताशी जुने छापील पुरावे होते. अकाचेरचं ज्ञान जुन्या ग्रंथांत नाही, ते गाण्यात आणि आजीच्या तळव्यात आहे. उद्या कुणी दूर कुठेतरी ठिबकवर त्याची शेती केली आणि बरण्या भरून विकल्या, तर या बायकांनी कोर्टात काय दाखवायचं? म्हणूनच त्या केंद्राचं मला महत्त्वाचं वाटणारं काम म्हणजे आदिवासी ज्ञान कसं वापरायचं याचे त्यांनी लिहून काढलेले नियम. कुणाला विचारायचं, नाव कुणाचं लावायचं, मोबदला कुणाला द्यायचा, हे त्यात आधी येतं. रानमेव्याच्या कामावर त्यांनी आदिवासी जाणकारांचा एक गटही नेमला होता, मेर्न अल्चेर-इपेन्ह, म्हणजे सृष्टीच्या आरंभापासून आलेलं अन्न. त्यात आरेर्न्त या अ‍ॅलिस स्प्रिंग्जकडच्या भाषेच्या आणि वनस्पतींच्या जाणकार वेरोनिका डॉब्सन होत्या, कुंगकाज कॅन कुक हा खानपानाचा व्यवसाय चालवणाऱ्या रेलीन ब्राउन होत्या. संशोधक प्रश्न घेऊन आले की आधी या बायका बसून तो प्रश्न तपासायच्या.

माझ्या परीने मी एवढंच केलं की पाऊस चांगला झालेल्या वर्षी वेचणीच्या दिवसांत दवाखान्यातल्या तपासण्या लावणं बंद केलं. वरिष्ठांना पटवायला दोन महिने लागले. आता मी शीतपेटी आणि ग्लुकोमीटर घेऊन त्यांच्याच गाडीत बसते.

पहिल्या वर्षी मल्गा नावाच्या इथल्या बाभळीखाली मी आजीच्या बोटाला सुई टोचली. आकडा आला १७.२, म्हणजे आपल्याकडच्या मापात तीनशे दहाच्या आसपास. माझ्या पोटात गोळा आला. फोन लागेना, इन्सुलिन वस्तीत राहिलेलं. आजी शांतपणे बोट चोखत बसली होती. मग माझं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. सकाळपासून फळं चोळून चोळून तळवे तपकिरी आणि चिकट झाले होते. मी कॅनमधल्या पाण्याने तिचे दोन्ही हात साबण लावून धुतले, नखांपर्यंत, कोरडे केले आणि दुसऱ्या बोटाला टोचलं. ८.६, म्हणजे आपल्याकडचे दीडशेच्या आसपास.

"बरी आहेस," मी म्हणाले.

"मला माहीत होतं," ती म्हणाली आणि परात पुढे ओढली.