तर्री प्यालेला स्पंज

तर्रीपोह्याची भांडी घासून झाली की सिंकच्या कडेचा पिवळा स्पंज लालसर दिसू लागतो. कितीही पिळा, बोटांना तवंग लागतोच. आमच्या भांडेवाल्या मावशींचं त्याच्याशी पहिल्यापासून वाकडं. "काहून आणता ताई हे? भांड्याच्या आधी यालेच घासा लागते!"

शास्त्र मावशींच्या बाजूनं आहे. २०१७ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी घरोघरचे वापरलेले स्पंज तपासले, तर काही ठिकाणी घन सेंटिमीटरला ५,४०० कोटींपर्यंत जिवाणू निघाले. सगळेच रोगट नसतात म्हणा. पण जे स्पंज लोक नेमानं उकळत होते, मायक्रोवेव्हमध्ये फिरवत होते, तेही काही कमी भरलेले नव्हते. मग सल्ला आला, दर आठवड्याला नवा घ्या. म्हणजे आठवड्याला एक पॉलियुरेथेनचा तुकडा नागपूरच्या भांडेवाडी कचराडेपोत, आणि घासताना झिजलेलं बारीक प्लास्टिक सांडपाण्यात. हे काही पटत नाही.

खरी गोम ओलीत आहे. स्पंज आतून वाळतच नाही. आणि वाळवण्याच्या बाबतीत नागपूरकरांनी कुणाकडून शिकावं? मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, गच्चीवर कुरड्या-पापड बघता बघता कडक होतात. त्या उन्हात घासणी टाकायला काय हरकत आहे?

त्यासाठी घासणी जाळीदार हवी. कुंपणावरच्या वेलाला चार घोसाळी भाजीला न तोडता तशीच राहू द्यायची. साल तपकिरी झाली, हलवल्यावर आत बिया खुळखुळल्या की काढायची, पाण्यात भिजवायची. साल हातानं सुटते, बिया झटकल्या की पडतात, आणि उरते ती पांढुरकी, आरपार दिसणारी जाळी. कोरडी असताना टोचते, ओली झाली की मऊ पडते. हाताएवढे तुकडे कापून भोकात सुतळी ओवली की खिळ्याला टांगता येते. झिजली की कुंडीतल्या मातीत. वेल नसेल तर देवळातल्या नारळाची शेंडी आहेच.

श्रावणात मात्र पंचाईत. ऊन नाही, हवेत दमट वास. तेव्हा दोन घासण्या आलटून पालटून वापरायच्या, एक कायम पंख्याखाली. मावशींनी घोसाळं मान्य केलंय. फक्त दूध करपलेल्या पातेल्यासाठी त्यांनी तारेची घासणी स्वतःच्या हातानं खिडकीत लपवून ठेवलीय, आणि मी ती तिथून हलवत नाही.