मॅडम, विक्रम उठला का?

परवा आमच्या शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत विषय होता अध्यापनात तंत्रज्ञानाचा वापर. प्रत्येकाला पाच मिनिटं. माझी पाच मिनिटं टीव्ही कधी आला, कुणी दिला, किती व्हिडिओ दाखवले यातच संपली आणि खरं सांगायचं होतं ते राहूनच गेलं, म्हणून इथे लिहितेय.

बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यात आमची जिल्हा परिषदेची शाळा, दुशिक्षकी, पहिली ते चौथी, पट २८. आता हा पट जून ते दसऱ्यापर्यंतचा बरं का. दसरा झाला की गावात ट्रक ट्रॅक्टर लागतात, मुकादमाची माणसं येतात आणि अर्धं गाव ऊसतोडीला निघतं, कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी सातारा, कुणी पार कर्नाटकात. परत यायला पाडवा उजाडतो. आजीजवळ राहणाऱ्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृह असतं, त्यात बरीच राहतात, पण घरात तान्हं असेल तर त्याला सांभाळायला मोठी बहीण लागतेच, मग ती जाते. म्हणजे माझ्या वर्गातली चार-पाच लेकरं, त्यातही पोरी जास्त, वर्षातले पाच महिने उसाच्या फडावर असतात. त्यामुळे आमच्या शाळेत कुठलीही नवीन वस्तू आली की मी आधी हेच बघते, ही फडावर पोचते का.

टीव्ही आला २०१६ ला. त्याआधीच्या वर्षी जूनमध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्रचा जीआर आला होता आणि तेव्हा सगळीकडे दोनच नावं ऐकू यायची, साताऱ्याचं कुमठे बीट, म्हणजे तिथल्या शाळांचा गट, आणि शहापूर तालुक्यातलं पाष्टेपाडा. कुमठ्याला जाऊन आलेले शिक्षक फरशीवर तक्ते रंगवायचे, काड्या खडे बिया गोळा करायचे, आणि पाष्टेपाडा बघून आलेले लोकवर्गणी काढून प्रोजेक्टर घ्यायचे. आम्ही दोन्ही केलं. आमच्या टीव्हीला पैसे दिले ते ऊसतोड करणाऱ्या माणसांनी, उचल मिळाली त्यातून पाचशे, तीनशे, एका आजीने वीस रुपये दिले. हे मी कधीच विसरणार नाही, कारण ती उचल म्हणजे पुढच्या सहा महिन्यांच्या कष्टावर घेतलेलं कर्ज असतं.

तर टीव्हीवर आम्ही कविता लावायचो, पेनड्राइव्हमधून. लेकरं खूश, पालक खूश, खिडकीत गर्दी. महिनाभराने मी एका पोराला पुस्तक दिलं आणि त्याच कवितेतल्या एका शब्दावर बोट ठेवून विचारलं हे काय लिहिलंय, तर त्याला येईना. पूर्ण कविता चालीत तोंडपाठ, पण शब्द ओळखता येत नव्हता. मग दुसऱ्याला विचारलं, तिसरीला विचारलं, तेच. त्या रात्री मला झोप लागली नाही, महिनाभर मला वाटत होतं की ही वाचतायत. त्यानंतर मी टीव्ही लावायची पद्धतच बदलली, दोन ओळी झाल्या की थांबवायचा, पुस्तकात बोट ठेवायचं, मग पुढे. लेकरांना सुरुवातीला आवडलं नाही, पण वाचायला लागली.

मग वीज बिल थकलं. सादिलचे, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाचे पैसे आले नव्हते, मीटर कापून नेला, चार महिने टीव्हीवर कापड टाकलेलं. तेव्हा वर्गात चालू असलेलं यंत्र एकच, माझा फोन.

आणि खरी गोष्ट इथून सुरू होते. दुसरीतला एक मुलगा अडखळत वाचायचा, प्रत्येक वाक्याच्या शेवटी थांबायचा आणि शेवटचा शब्द गिळून टाकायचा. त्याच्या वडिलांना ऐकवावं म्हणून मी फोनमधल्या साध्या रेकॉर्डरवर त्याचं वाचन घेतलं. तो म्हणाला मला ऐकू द्या. ऐकलं. परत ऐकलं. चार वेळा ऐकलं आणि मग स्वतःच म्हणाला, "मॅडम, मी 'होता' म्हणलोच नाही." मी दोन महिने रोज तेच सांगत होते, त्याला पटत नव्हतं, कारण त्याच्या मते तो म्हणत होता. वाचताना त्या लेकराचा सगळा जीव अक्षर जुळवण्यात अडकलेला असतो, स्वतःचा आवाज ऐकायला जागाच उरत नाही. ऐकताना मात्र अक्षराचं ओझं नसतं, मग चूक त्याची त्यालाच सापडते.

तेव्हापासून दर शनिवारी रेकॉर्डिंग. प्रत्येक लेकराच्या नावाचा फोल्डर, जूनपासून मार्चपर्यंत. मार्चमध्ये जूनचा आवाज लावला की वर्गात जो कल्ला होतो तो मी शब्दांत सांगू शकत नाही, "हा मी हाय?" म्हणून उड्या मारतात. प्रगतीपुस्तकातला अ-१ त्यांना कळत नाही, हे कळतं.

मधल्या काळात बरंच काही येऊन गेलं. एक वाचनाचं अ‍ॅपही वापरलं, लेकरू वाचतं आणि फोन ऐकून चूक-बरोबर दाखवतो, चांगली कल्पना आहे, घरी वाचायला कुणी नसलेल्या लेकरासाठी तर फारच. पण आमच्याकडे पाण्याला पानी म्हणतात, दाण्याला दाना म्हणतात, आणि एक पोरगी "पानी" वाचून वाचून रडकुंडीला आली, कारण तो शब्द काही हिरवा होईना. तिच्या आईची, आजीची भाषा फोनने चुकीची ठरवली हे मला अजून सलतं. ण शिकवायचा आहेच, तो मी शिकवते, पण आधी तिला सांगते की तू शब्द बरोबर ओळखलास.

परितेवाडीच्या शाळेतल्या रणजितसिंह डिसले सरांना डिसेंबर २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी त्यातली निम्मी रक्कम बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली, तेव्हा आमच्या गावातही लोक विचारायला लागले की आपल्या पुस्तकात तो क्यूआर कोड आहे का, फोनने टिपला की कविता-धडा उघडणारा. परितेवाडी आमच्या जवळच्या सोलापूर जिल्ह्यातली शाळा, त्यामुळे अभिमान जरा जास्तच. मला त्यांच्या कामातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कोड पुस्तकावर आहे. पुस्तक लेकराबरोबर फडावर जातं, टीव्ही जात नाही. तिथे रेंज आणि नेटपॅक नसला तर कोड उघडत नाही हे खरं, पण पुस्तक तर जातं.

फडावरच्या लेकरांचं मला नीट कळलं ते लॉकडाऊनमध्ये. मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं तेव्हा आमची माणसं कारखान्यांच्या तळावर अडकलेली, एप्रिलमध्ये सरकारने सोडलं तेव्हा गावात आली. तोवर मी रोज फोन करत होते. साध्या फोनवर कॉन्फरन्स कॉल करून चार लेकरं एका वेळी, पाढे म्हणायचे, गोष्ट सांगायची. पुढे जुलैत सह्याद्रीवर टिलीमिली हा अभ्यासाचा कार्यक्रम सुरू झाला, ज्यांच्या घरी टीव्ही त्यांना त्याचा आधार झाला. पण मला कळलं ते हे की लेकराला मॅडमचा आवाज पाहिजे असतो. आपलं नाव घेऊन बोलणारा.

म्हणून पुढच्या हंगामापासून व्हॉइस मेसेज सुरू केले. शिक्षण हमी कार्ड आपण देतो, लेकरू जिथे जाईल तिथल्या शाळेत बसावं म्हणून, ते मी आजही न चुकता देते, पण कोप्या, म्हणजे राहायच्या झोपड्या, असतात उसाच्या कडेला, शाळा असते दोन-तीन किलोमीटरवर, आणि आईबाप पहाटे चारला फडात. तान्ह्या भावाला कडेवर घेऊन कुठली शाळा? व्हॉइस मेसेजचं बरं असं की व्हिडिओपेक्षा कितीतरी कमी डेटा खातो, रेंज आली की जातो, आणि तो ऐकायला आई-बापालाही वाचता-लिहिता यावं लागत नाही. मी संध्याकाळी साडेसातला पाठवते. फोन वडिलांकडे, त्याचं चार्जिंग चहाच्या टपरीवर, त्यामुळे उत्तर कधी त्याच रात्री येतं, कधी तीन दिवसांनी एकदम चार मेसेज येतात. मागे टायरगाडीच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज, भाऊ रडतोय, कुणीतरी भाकरी थापतंय, आणि मधे ते लेकरू पुस्तक वाचतंय.

यातलं काहीच कुठल्या पोर्टलवर भरता येत नाही. पोषण आहाराची नोंद अ‍ॅपवर, माहिती लिंकवर, फोटो ग्रुपवर, दुपारपर्यंत माझा फोन त्यातच असतो आणि कधी कधी लेकरू पुस्तक घेऊन शेजारी उभं असतं, रेकॉर्ड करा म्हणून. त्याला थांब म्हणावं लागतं त्याचं मला वाईट वाटतं. फोन एकच आहे, तो कुणासाठी आहे हे वरच्यांनी ठरवायला हवं.

टीव्हीवर मी अन्याय करतेय असं वाटायला नको म्हणून ही एक संध्याकाळ सांगते. २३ ऑगस्ट २०२३, बुधवार. चांद्रयान ३ उतरणार म्हणून शाळा संध्याकाळी उघडी ठेवलेली, लाईट होती, टीव्ही चालू, अर्धं गाव मैदानात. पावणेसहाच्या सुमाराला विक्रम, म्हणजे त्यातलं चंद्रावर उतरणारं यान, तीस किलोमीटर उंचीवरून खाली यायला निघाला तेव्हा त्याचा वेग सेकंदाला दीड किलोमीटरच्या वर होता. मी म्हणलं, शाळेपासून फाटा तीन किलोमीटर, म्हणजे दोन सेकंदात फाटा. लेकरं गप्प. मग पडद्यावर आकडे उतरायला लागले आणि चौथीतली पोरं ते मोठ्याने वाचायला लागली, कुणी सांगितलं नव्हतं. एकाने विचारलं हवा नाही तर ब्रेक कसा लागतो, आणि खालच्या बाजूला आग सोडून वेग कमी करतात हे त्याला दाखवायला मी दुसऱ्या दिवशी फुगे आणले. सहा वाजून चार मिनिटांनी तो टेकला आणि म्हाताऱ्या माणसांनी हात जोडले. असं काही फळ्यावर आणता येत नाही, त्यासाठी पडदाच लागतो.

पुढे आम्ही विक्रमची रोज चौकशी करायचो. तिथला दिवस आपल्या चौदा दिवसांचा, म्हणून ४ सप्टेंबरला त्याला झोपवला. २२ तारखेच्या आसपास तिथे परत ऊन आलं तेव्हा इस्रोने हाका मारल्या, त्याने ओ दिली नाही. वर्गात सगळ्यांचे चेहरे पडले.

दसऱ्यानंतर तिसरीतली एक पोरगी आई-वडिलांबरोबर गेली. नोव्हेंबरमध्ये एका रात्री तिचा मेसेज आला, वाचन नव्हतंच त्यात. "मॅडम, हितून चांद दिसायलाय. विक्रम उठला का?" मी दोन वेळा रेकॉर्ड करून पुसलं. खोटं सांगायचं नव्हतं. शेवटी सांगितलं की नाही गं, तिथली रात्र फार थंड असते, त्याची यंत्रं गारठली असतील, आता बहुतेक उठणार नाही. त्यावर चार दिवस तिचं काहीच आलं नाही.

जानेवारीत बातमी वाचली. चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या यानाने १२ डिसेंबरला शंभर किलोमीटरवरून विक्रमवर लेझर टाकला आणि तो परत आला, कारण विक्रमच्या अंगावर पाच सेंटीमीटरचं एक छोटंसं आरशांचं यंत्र बसवलेलं आहे. त्याला वीज लागत नाही, यान झोपलेलं असलं तरी चालतं. मी लगेच तिला मेसेज केला, तिच्या बोटांच्या मापाने ते केवढं आहे ते सांगितलं, आठ आरसे आहेत म्हणून सांगितलं.

दुसऱ्या रात्री उत्तर आलं. मागे भाऊ खोकत होता, कुणीतरी ट्रॅक्टर सुरू करत होतं.

"म्हंजे मॅडम, त्यो झोपीतबी ओ देतोय." थोडा वेळ नुसता श्वास. मग, "आता वाचते," आणि पान उलटल्याचा आवाज.