मधली शांतता

कमरेच्या एमआरआयसाठी ते आले तेव्हा फॉर्मवर ‘खाणकामगार, सध्या काम नाही’ एवढंच लिहिलं होतं. पेसमेकर आहे का, डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का, हे नेहमीचं विचारून झालं. बंद जागेची भीती? “नाही,” म्हणाले. हातात रबरी फुगा दिला, त्रास झाला तर दाबा म्हटलं आणि टेबल आत सरकवलं.

चार मिनिटं यंत्र ठोकत होतं, काका जराही हलले नाहीत. ठोके थांबले आणि लगेच त्यांनी फुगा दाबला. बाहेर काढलं तर अंग घामानं चिंब. दुसऱ्यांदाही तसंच झालं. आवाजानं घाबरणारे पेशंट रोज येतात. आवाज थांबल्यावर घाबरलेलं कुणी मी पाहिलं नव्हतं.

मी शेजारी स्टूल ओढून बसलो. मग कळलं, छत कोसळून ते नऊ दिवस खाली अडकले होते. वरून ड्रिलची घरघर ऐकू यायची तोवर सगळ्यांना धीर असायचा. ती थांबली की कुणी तोंड उघडायचं नाही. ड्रिलचं टोक बदलतायत, बोअर चुकला, की शोधच सोडला? खाली कळायचं कसं?

चिलीच्या सान होसे खाणीतल्या ३३ जणांबद्दल मी वाचलं होतं. २०१० साली ते सुमारे ७०० मीटर खाली ६९ दिवस होते. पहिला संपर्क सतराव्या दिवशी झाला, त्याआधीचे बोअर त्यांना चुकवून गेले होते. सुटकेनंतर कित्येकांची झोप उडाली, काम मिळेना. माझ्या लक्षात राहिले होते ते दर दोन दिवसांनी वाटून घेतलेले टूना माशाचे दोन चमचे. हुकलेल्या बोअरचा आवाज खाली कसा ऐकू आला असेल, हे मनातही आलं नव्हतं.

“तुम्हाला वर आणलं तेही अशाच नळकांड्यातून ना?”

“हो. पण ते वर चाललं होतं.”

“काका, आवाज थांबला रे थांबला की मी बोलेन. प्रत्येक वेळी.”

तसंच केलं. “मी इथंच आहे. आता चार मिनिटांचं आहे.” आतून “हं” यायचं. फुगा पुन्हा दाबला गेला नाही.

बाहेर काकू म्हणाल्या, रात्री पंखा बंद पडला तरी हे उठून बसतात. दोन वर्षं झाली.

पुढच्या तंत्रज्ञासाठी मी त्यांच्या फाइलवर लाल पेनानं लिहिलं: यंत्र थांबलं की लगेच बोला.