मामांना सोडवून आणलं, तेव्हाची गोष्ट

माझे मामा माण तालुक्यातले, सत्तरी ओलांडलेले. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुंबईत माझ्याकडे आले होते. तपासणीच्या दुसऱ्या तारखेला मला रजा मिळाली नाही, म्हणून एकटेच निघाले. उतरायचं स्टेशन चुकलं, दमून बाहेरच्या कट्ट्यावर बसले. मळकं धोतर, हातात पिशवी, डोळ्यांना धड दिसत नाही. भिकाऱ्यांना उचलणारी गाडी आली आणि त्यांनाही घेऊन गेली. आम्ही दवाखाने पालथे घातले. ते भिक्षेकरी गृहात आहेत हे तिसऱ्या दिवशी कळलं.

तोवर मला वाटायचं, हात पसरला तरच गुन्हा. मग 1959 चा मुंबई भिक्षा प्रतिबंध अधिनियम वाचला. पोटापाण्याचं काही साधन दिसत नाही आणि माणूस सार्वजनिक जागी अशा अवस्थेत थांबलाय की भिकेवर जगत असावा असं वाटावं, एवढंही त्यात पुरतं. गाऊन, नाचून किंवा भविष्य सांगून दान घेणंही भीकच. म्हणजे पहाटे चिपळ्या वाजवत दारी येणारा वासुदेवसुद्धा यात बसतो! अटकेला वॉरंट लागत नाही. भिक्षेकरी ठरलात की पहिल्याच वेळी किमान 1 वर्ष, जास्तीत जास्त 3 वर्षं बंद.

कुणावर ही वेळ आली तर आधी विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. अटकेतल्या माणसाला तिथून मोफत वकील मिळतो. आम्हालाही मिळाला. आधार, रेशनकार्ड, ग्रामपंचायतीचा दाखला, सातबारा आणि दवाखान्याचा केसपेपर गोळा केला. यातला केसपेपर सगळ्यात कामी आला. कोर्टासाठी माहिती काढणाऱ्या परिविक्षा अधिकारी घरी येऊन गेल्या, चौकशी करून अहवाल दिला.

पण खरा पेच कोर्टात पडला. वकील म्हणाले, दोन वाटा आहेत. मामा भीक मागतच नव्हते हे सिद्ध केलं तर कलम 5 खाली ताबडतोब सुटका, पण त्यासाठी साक्षी होतील, तारखा पडतील. नाहीतर कोर्टाने समज द्यायची आणि ‘पुन्हा भीक मागणार नाही’ अशा बंधपत्रावर सोडायचं. म्हणजे आधी मागितली होती हे मान्य करायचं. मामांना ताप होता. मी दुसरी वाट धरली, आणि ते अजून मला खातं. सही करताना ते एवढंच म्हणाले, “बाय, म्या कुनाफुडं हात पसरला न्हाय गं.”

गरिबाला कोंडून गरिबी हटवायची ही रीत इंग्रजांची. त्यांच्याकडची वर्कहाउसची, म्हणजे निराधारांना ठेवून कामाला लावणाऱ्या घरांची, व्यवस्था 1930 मध्ये मोडीत निघाली. आपला हा 1959 चा कायदा दिल्लीलाही लागू होता. तिथल्या उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2018 मध्ये भीक मागणं गुन्हा ठरवणारी कलमं घटनाबाह्य म्हणून रद्द केली. आपल्याकडे तो अजून चालू आहे. निराधाराला निवारा द्या, औषध द्या, पेन्शन वेळेवर द्या. त्यासाठी त्याला आरोपी का करायचं?

ऑपरेशन झालं, मामा गावी गेले. हा कायदा रद्द करा, असा अर्ज मी महिला व बाल विकास विभागाला आणि आमच्या आमदारांना पाठवला आहे. सोबत कोर्टाच्या आदेशाची प्रत जोडली आहे. तिच्यात मामांच्या नावापुढे ‘भिक्षेकरी’ लिहिलंय.