उसाच्या पांढऱ्या मुळीत सुई: आकडे आले

मंडळी, उसाच्या मुळीच्या पेशीत काचेची बारीक सुई घालून पेशीच्या आत-बाहेरच्या व्होल्टेजचा फरक मोजतोय, आणि सुई आता पेशीत टिकायला लागली. को ८६०३२ या उसाच्या वाणाची एक डोळा टिपरी, तिला फुटलेली पांढरी मुळी, काचेच्या सुईत ३ मोलर पोटॅशियम क्लोराइड. सुईतली चांदीची तार हुपरीहून आणलेली. दागिन्याची चांदी चालत नाही, शुद्धच हवी. ब्लीचमध्ये काळपट होईपर्यंत बुडवायची. पुढं सीए ३१४० ही सिग्नल वाचणारी अँप्लिफायरची चिप आणि ९ व्होल्टची बॅटरी. बाहेरचा विजेचा गोंगाट अडवणारा पिंजरा म्हणजे आजीचं दुधाचं जाळीचं कपाट. तरी घरच्या लाइटीची ५० हर्ट्झची गुणगुण राहतेच. लाइट गेली की आलेख एकदम स्वच्छ. गल्लीत लाइट गेल्यावर खूश होणारा मी एकटाच.

सुई पेशीभित्तिकेला टेकते तेव्हा काहीच घडत नाही, पेशी नुसती दबते. स्क्रू केसभर फिरवला की आकडा धाडकन उणे शंभर मिलिव्होल्टच्या खाली जातो, थोडा मागं येतो आणि थांबतो. बाहेरच्या द्रावणात अर्धा मिलिमोलर कॅल्शियम ठेवाच, नाहीतर पेशीचा पडदा गळका होतो.

बाहेर पोटॅशियम ०.१ मिलिमोलर असताना उणे १६० मिलिव्होल्टच्या आसपास, १ ला उणे १३५, १० ला उणे ८०. पेशीच्या आत १०० मिलिमोलर धरलं तर नर्न्स्टच्या हिशेबानं (पडद्यातून फक्त पोटॅशियम ये-जा करत असतं तर किती व्होल्टेज आलं असतं, तो हिशेब) येतात उणे १७७, उणे ११८, उणे ५९.

खरी गंमत या फरकात आहे. १ आणि १० ला पेशी हिशेबापेक्षा जास्त उणे आहे. नुसत्या पोटॅशियमच्या वाटा उघड्या ठेवून हे जमत नाही. एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, जाळून प्रोटॉन बाहेर फेकणारा पंप हवा. त्यानं आत जास्त उणे होतं आणि त्या ओढीनं पोटॅशियम वाहिनीतून, म्हणजे पडद्यातल्या त्याच्या वाटेतून, आपसूक आत येतं. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या रोपातली १९९२ साली सापडलेली एकेटी१ ही अशीच वाहिनी. ०.१ ला मात्र चित्र उलटं. तिथं वाहिनी उघडली तर पोटॅशियम बाहेरच जाईल, म्हणून प्रोटॉनसोबत ओढून आणणारे एचएके५ सारखे वाहक लागतात.

काका विचारतात, "ह्यावरनं पोटॅशचा डोस कळतोय व्हय?" नाही कळत. माती परीक्षणच करा म्हटलं.

आता सिझियम क्लोराइड घालून बघतोय. ते आत येणारी वाहिनी अडवतं. मग १ वरून १० वर जाताना आकडा ५५ मिलिव्होल्टपेक्षा बराच कमी हलायला हवा. कुणी कांद्याच्या मुळीवर हे केलं असेल तर सिझियम किती घातलं ते सांगा.