कोण जिंकणार, असं तुम्ही विचारलंत म्हणून

गोल्फची मोठी स्पर्धा जवळ आली की मला दोन प्रश्न जोडीनेच विचारले जातात: या वेळी कोण जिंकणार, आणि तुम्ही ते कशावरून ठरवता? पहिल्या प्रश्नाला मी एक नाव कधीच सांगत नाही. दीडशेच्या घरात खेळाडू उतरतात आणि चार दिवस खेळतात. त्यातलं एकच नाव छातीठोकपणे सांगणाऱ्याने या खेळाचा स्वभाव ओळखलेला नाही, असं माझं ठाम मत आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र मी आनंदाने देतो. ते शोधता शोधताच हा खेळ मला कळत गेला.

आधी कोर्स. क्रिकेटमध्ये आपण नाणेफेकीआधी बावीस यार्डांची खेळपट्टी बघतो. इथे सात हजार यार्डांची जमीनच खेळपट्टी असते आणि ती दर आठवड्याला बदलते. अमेरिकेतल्या हिल्टन हेड बेटावरचं हार्बर टाउन घ्या. पीट डाय आणि जॅक निकलॉस यांनी आखलेला हा कोर्स १९६९ साली खुला झाला. वाटा अरुंद, फेअरवेवर (होलकडे नेणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) झुकलेली झाडं, ग्रीन्स (होलभोवतीची गुळगुळीत हिरवळ) इवलीशी. लांब मारण्याचा फायदा इथे फारसा उरत नाही, चेंडू हव्या त्या जागी ठेवता यावा लागतो. ल्यूक डोनल्ड हा नेमका तसा खेळाडू. ड्राइव्हचं, म्हणजे सुरुवातीच्या लांब फटक्याचं, अंतर बेताचं, पण वेज (जवळून चेंडू उंच उचलणारी काठी) आणि पटर (ग्रीनवर चेंडू होलमध्ये ढकलणारी काठी) हातात आला की मोजक्यांच्या पंगतीतला. २०११ साली तो जागतिक क्रमवारीत पहिला होता. हार्बर टाउनला तो पाच वेळा दुसरा आला आणि एकदाही जिंकला नाही. कोर्स जुळतो म्हणजे काय, हे सांगायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. जुळणारा कोर्स खेळाडूला रविवारी दुपारी वरच्या पाचात ठेवतो. त्यापुढची हमी तो देत नाही.

कोर्स वाचताना घाईही फार होते. ‘अरुंद फेअरवे, उंच रफ (फेअरवेच्या कडेचं वाढलेलं गवत), म्हणजे सरळ मारणारा जिंकणार’ हे वाक्य २०२० च्या यूएस ओपनआधी वारंवार कानावर पडत होतं. स्पर्धा न्यूयॉर्कजवळच्या विंग्ड फूटला होती आणि त्या कोर्सचा लौकिकच तसा होता: १९७४ साली हेल अर्विन तिथे पारपेक्षा (कोर्ससाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा) सात फटके जास्त घेऊन जिंकला होता, २००६ साली जेफ ओगिल्वी पाच जास्त घेऊन. ब्रायसन डिशॅम्बोने चार दिवसांत ५६ पैकी फक्त २३ फेअरवे गाठले. तरी तो पारपेक्षा सहा फटके कमी घेऊन, सहा फटक्यांच्या फरकाने जिंकला. पारच्या खाली राहिलेला तो एकटाच.

हे दैवाने झालं नव्हतं. फेअरवे इतके अरुंद होते की अचूक मारणाऱ्यांचा चेंडूसुद्धा पुन्हा पुन्हा रफमध्ये जात होता. रफ सगळ्यांच्याच वाट्याला येणार असेल, तर त्यात ग्रीनपासून दूर मोठी आयर्न (दूरच्या फटक्याची लोखंडी डोक्याची काठी) घेऊन उभं राहण्यापेक्षा तीस-चाळीस यार्ड पुढे वेज घेऊन उभं राहिलेलं बरं. आखूड दांड्याचा, उभ्या कोनातून खाली येणारा वेज उंच गवतातूनही चेंडू उचलतो. लांब आयर्न त्या गवतात अडकते. तेव्हापासून मी फेअरवेच्या रुंदीकडे कमी आणि चुकल्याच्या किमतीकडे जास्त बघतो. कडेला रफ असेल तर लांब आणि ताकदीने मारणारा ती किंमत सोसतो. कडेला पाणी असेल तर ताकदीचा काही उपयोग नाही, दंडाचा फटका सगळ्यांना सारखाच.

‘त्याला हा कोर्स लाभतो’ असं ज्याच्याविषयी म्हटलं जातं, त्याच्या जुन्या निकालांना मी फारसं वजन देत नाही. एखादा खेळाडू एखाद्या कोर्सवर पाच वर्षं खेळला तरी त्या वीसच फेऱ्या होतात. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. अपवाद एकच, आणि तो मी मनापासून मानतो: ऑगस्टा नॅशनल. मास्टर्स दर वर्षी तिथेच होते. ग्रीन्स वेगवान आणि उताराची, उभं राहायला सपाट जागा दुर्मीळ. कोणत्या झेंड्याच्या कोणत्या बाजूला चुकलेलं चालतं, हे तिथे चुकूनच शिकावं लागतं. १९३४ आणि १९३५ ही पहिली दोन वर्षं सोडली तर पदार्पणातच मास्टर्स जिंकणारा खेळाडू म्हणजे फझी झोलर, १९७९ साली. त्यानंतरची चार दशकं कुणालाही ते जमलं नाही. २०२१ मध्ये विल झालाटोरिस आणि २०२४ मध्ये लुडविग ओबर्ग पहिल्याच खेपेला दुसरे आले, आणि दोघेही आयर्न अप्रतिम मारणारे. नवख्याला ऑगस्टात संधी द्यायचीच असेल तर मी असल्याच नवख्याला देतो.

गवताचाही विचार करावा लागतो. उष्ण भागातल्या बर्म्युडा गवताची पाती एका दिशेला झुकतात आणि चेंडू तिकडे ओढला जातो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पोआ अॅनुआवर दुपारपर्यंत बारीक तुरे येऊन ग्रीन खडबडीत होतं. काही खेळाडूंना एखादं गवत लहानपणापासून सवयीचं असतं. दोघांमधला निर्णय अगदी अडला तर मी हे बघतो, त्याआधी नाही.

आता फॉर्म. ‘गेल्या आठवड्यात तिसरा आला, म्हणजे फॉर्मात आहे’ एवढ्यावर माझं समाधान होत नाही. तो तिसरा कशाच्या जोरावर आला, ते मला हवं असतं. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी मांडलेल्या ‘स्ट्रोक्स गेन्ड’ या पद्धतीने हे कळतं. पीजीए टूरवर (अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत) प्रत्येक फटक्याची नोंद ठेवली जाते. आठ फुटांवरून टूरचे खेळाडू साधारण निम्म्या वेळा एका पटमध्ये (पटरच्या फटक्यात) चेंडू घालतात, म्हणजे तिथून सरासरी दीड फटका लागतो. तुम्ही एकात घातलात तर अर्धा फटका कमावलात, दोन लागले तर अर्धा गमावलात. असा हिशेब टीपासून (पहिला फटका मारायच्या जागेपासून) होलपर्यंतच्या प्रत्येक फटक्याचा करता येतो. टूरने २०११ साली तो पटिंगसाठी स्वीकारला आणि २०१६ मध्ये बाकीच्या खेळापर्यंत नेला.

ब्रॉडी यांच्या आकड्यांनी माझी नजरच बदलली. अव्वल खेळाडू इतरांपेक्षा जे फटके वाचवतात, त्यातला सुमारे ४० टक्के वाटा ग्रीनकडे मारलेल्या अॅप्रोच शॉट्सचा असतो. पटिंगचा जेमतेम १५ टक्के. शिवाय आयर्नचं कसब आठवड्यामागून आठवडे टिकतं, पटिंग मात्र लहरी असतं. म्हणून गेल्या आठवड्यात पटरच्या जोरावर वर आलेल्या खेळाडूपेक्षा, आयर्न सुंदर मारूनही पट न पडल्यामुळे पंचविसावा राहिलेला मला अधिक आशादायक वाटतो. स्कॉटी शेफलर २०२३ मध्ये टीपासून ग्रीनपर्यंत जगात सर्वोत्तम होता आणि पटिंगच्या यादीत दीडशेच्याही खाली. २०२४ च्या मार्चमध्ये त्याने वेगळ्या घडणीचा, मॅलेट पटर हातात घेतला. पट पडायला लागले आणि त्या वर्षी सात टूर विजेतेपदं आणि ऑलिंपिक सुवर्ण त्याच्या नावावर लागलं. बाकीचा खेळ आधीपासून तयारच होता.

मग पटिंगला काही किंमतच नाही का? आहे, आणि ती एकेका आठवड्यात दिसते. टोकियो ऑलिंपिकमध्ये जागतिक क्रमवारीत दोनशेवी असलेली अदिती अशोक चौथी आली, पदकापासून एका फटक्यावर. ड्राइव्ह आखूड असूनही पटरने तिला चारही दिवस जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या बरोबरीने ठेवलं. तो आठवडा कोणत्याही आकडेमोडीतून आधी दिसला नसता. २०२२ च्या ओपन चॅम्पियनशिपमध्ये (ब्रिटनमधली मोठी स्पर्धा) सेंट अँड्र्यूजला शेवटच्या दिवशी रॉरी मॅकिलरॉयने अठराच्या अठरा ग्रीन्स नियमित फटक्यांत (पारसाठी दोन फटके हाताशी राखून) गाठली आणि प्रत्येकावर दोन पट घेतले. चार फटके मागून निघालेल्या कॅमेरॉन स्मिथने दहाव्यापासून सलग पाच बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) घालत ६४ चा स्कोअर केला आणि ट्रॉफी नेली. मॅकिलरॉयच्या त्या दिवसाच्या खेळात दोष काढायला माझं मन आजही धजावत नाही.

एक नाव का सांगत नाही, त्याचं कारण यातच आहे. एकाच खेळाडूचा स्कोअर एका फेरीपासून दुसऱ्या फेरीपर्यंत साधारण तीनेक फटके वरखाली होतो. चार फेऱ्यांची बेरीज साडेपाच-सहा फटके इकडेतिकडे जाऊ शकते. उलट, अव्वल दहातल्या दोघांच्या कसबात फेरीमागे अर्ध्या फटक्याचा फरक असला तर चार दिवसांत तो दोनच फटक्यांचा होतो. टायगर वूड्सने ८२ टूर स्पर्धा जिंकल्या, तरी जेवढ्या स्पर्धांत तो उतरला त्यांच्या चौथ्या हिश्शाहून हे विजय कमीच आहेत. आणि तो टायगर वूड्स होता! इतर कुठल्याही खेळाडूला मी दहात एक संधी दिली, तर ते मी केलेलं मोठं कौतुक समजावं.

शिवाय वारा. ओपन चॅम्पियनशिपमध्ये सकाळी निघणारे आणि दुपारी निघणारे कधी कधी दोन वेगळ्या ऋतूंत खेळतात. २००२ साली वर्षातल्या चार मेजर, म्हणजे सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी, पहिल्या दोन्ही जिंकून टायगर ओपनसाठी म्युअरफील्डला आला होता. शनिवारी दुपारी वादळी पावसात सापडून त्याचा स्कोअर ८१ झाला, आणि दुसऱ्या दिवशी शांत हवेत ६५. मी माझी यादी बुधवारी रात्री पक्की करतो, याचं कारण हवामानाचा अंदाज आणि टीवर जायच्या वेळा एकत्र बघता येतात.

यादीत पंधरा-वीस नावं असतात, प्रत्येकापुढे त्याच्या संधीचा माझा अंदाज. शुक्रवारी कट लागला, म्हणजे मागे पडलेले बाद झाले, की मी ती पुन्हा काढतो आणि आघाडीवर कोण, यापेक्षा तो कशाच्या जोरावर आघाडीवर आहे ते बघतो. पंधरा-वीस फुटांवरून पट घालत पुढे गेलेल्याचा वेग सहसा मंदावतो. तीन-चार फटके मागे राहून सतत दहा-बारा फुटांवर चेंडू ठेवणारा त्याच्या खालोखाल दिसला, तर मी त्या दुसऱ्याला वर घेतो. तेव्हा नाव हवंच असेल तर शुक्रवारी रात्री विचारा. त्या वेळी यादीत पाच-सहा जण उरलेले असतात, आणि प्रत्येकाचं कारण मला तुम्हाला सविस्तर सांगता येतं.